प्लोवदिवची पेन्शन

अमेरिकेत, आमच्या श्रूजबरीत मराठी माणसं एकमेकांना भेटतात ती इंडियन स्टोअरमध्ये नाहीतर गणपतीत. सुमित्रामावशी मला भेटल्या शाळेच्या कॅफेटेरियात, डोक्याला जाळी आणि हातात मोठा डाव अशा अवतारात. पालकांनी मुलांबरोबर जेवायचा तो दिवस होता. माझी लेक ताटातली मॅकरोनी नुसती चिवडत बसली होती आणि मी दबक्या आवाजात तिला मराठीतून झापत होते. तेवढ्यात काउंटरच्या पलीकडून आवाज आला, "रागावू नको वं पोरीला. आजची खरंच बेचव झाली आहे."

मी वर पाहिलं. साठीच्या आसपासच्या बाई, गोल चेहरा, गव्हाळ रंग. मराठी ऐकू आली याचा मला जेवढा धक्का बसला, तेवढाच ती मराठी कसली आहे याचा. नंतर ओळख वाढली तेव्हा कळलं, की ती अकोल्याची होती आणि एकोणीसशे एकोणऐंशी सालाच्या पुढे फारशी सरकलीच नव्हती. आम्ही सगळे इथे अर्धं वाक्य इंग्रजीत बोलतो. मावशींच्या बोलण्यात इंग्रजी शब्द क्वचितच यायचा. अडल्या की त्या भलत्याच भाषेत घुसायच्या. ती भाषा बल्गेरियन होती.

त्यांचे वडील गुरुनाथ मास्तर अकोल्याला विज्ञान शिकवायचे. सरकारी शिष्यवृत्तीची जाहिरात त्यांनीच वाचली आणि अठरा वर्षांच्या मुलीला बल्गेरियाला पाठवून दिलं. तो देश नकाशावर कुठे आहे, हे घरात त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. पहिलं वर्ष सोफियात भाषा शिकण्यात गेलं, नंतर प्लोवदिवला अन्नप्रक्रियेचं शिक्षण. तिथेच वर्गातल्या प्लामेनशी लग्न झालं. मास्तरांनी दोन वर्षं पत्र टाकलं नाही. मुलगी झाली, तिचं नाव वैदेही ठेवलं असं कळलं तेव्हा त्यांनी लोकरीचं झबलं पाठवलं आणि तो विषय संपला.

मावशी एका मोठ्या सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागल्या. टोमॅटो, भाजलेल्या लाल मिरच्या, पाकातले पीच, सगळं डब्यात भरून रेल्वेच्या वाघिणींनी रशियाला जायचं. आंबटपणा किती, मीठ किती, डबा किती दिवस टिकेल, हे मावशी ठरवायच्या. तिथला तेव्हाचा नियम सोपा होता. बाईने वीस वर्षं नोकरी केली की पंचावन्नाव्या वर्षी पेन्शन. कारखान्यातल्या बायका पंचावन्नच्या गोष्टी करायच्या, आपल्याकडे मुलं मे महिन्याच्या सुट्टीच्या करतात तशा. कुणाला गावाकडे द्राक्षं लावायची होती, कुणाला नातवंडांना समुद्रावर न्यायचं होतं.

"आणि तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"मला अकोल्याला सहा महिने राहायचं होतं. आईजवळ. नुसतं बसायचं."

मग कम्युनिस्टांचं राज्य गेलं. रशियाचं गिऱ्हाईक गेलं, कारखान्याचे तुकडे करून ते विकले गेले, आणि एके दिवशी प्रयोगशाळेला कुलूप लागलं. पुढे सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात महागाई अशी भडकली की सकाळी पाहिलेली किंमत संध्याकाळी राहायची नाही. प्लामेन आणि मावशींनी बारा-तेरा वर्षं बँकेत साठवलेल्या पैशांत वैदेहीचे हिवाळी बूट आले. चांगले आले, असं मावशी आवर्जून सांगतात. चामड्याचे होते.

त्यानंतर पेन्शनचा नवा कायदा आला. वय वाढलं, नोकरीची वर्षंही वाढली. पगारातून कापलेल्या पैशाचा एक वाटा सरकारकडे, एक खाजगी फंडात, आणि हवं तर आणखी आपल्या मनाने भरायचे. टीव्हीवर तज्ज्ञ समजावून सांगायचे, की आता तुमचं म्हातारपण एका नाही, तीन खांबांवर उभं राहील. मावशी तोवर एका छोट्या दूधडेअरीत काम करत होत्या. मालक कागदावर किमान पगार दाखवायचा आणि उरलेला पाकिटात घालून द्यायचा. मधली काही वर्षं तर त्याने कागदावर मावशींना दाखवलंच नाही. "तक्रार केली असती तर पाकीटही गेलं असतं," मावशी म्हणाल्या. "सगळं गावच पाकिटावर जगून राहिलं होतं."

वैदेही हुशार निघाली. इथून जवळच्या वूस्टरला मास्टर्स करायला आली, इथेच तिला पुण्याचा प्रसन्न भेटला. इकडे तिचं लग्न झालं आणि तिकडे वर्षभरात प्लामेन हृदयविकाराने गेला. पुढे अनया झाली ती दिवस पुरायच्या आतच. इवलीशी, काचेच्या पेटीत ठेवलेली. मावशी डेअरीची नोकरी सोडून धावत आल्या. मग सहा महिने इथे, सहा महिने तिथे असं चालू राहिलं. पुढे वैदेही-प्रसन्नने श्रूजबरीत घर बघितलं तेव्हा डाउन पेमेंट कमी पडत होतं. मावशींनी प्लोवदिवचा फ्लॅट विकला.

"वैदेहीने मागितले?"

"नाही वं. तिला तर विकल्यावर सांगितलं. रिकामं घर ठेवून काय करायचं होतं?"

वैदेहीने आईचं ग्रीन कार्ड केलं आणि मावशी बेसमेंटमधल्या खोलीत कायमच्या राहायला आल्या. खोली चांगली आहे, गालिचा आहे, स्वतंत्र बाथरूम आहे. खिडकी मात्र वर, छताला लागून. तिच्यातून फक्त लॉनचं गवत दिसतं आणि कुणी आलं तर त्याचे बूट. इथली पेन्शन मिळवायची तर दहा वर्षं काम करावं लागतं असं कळल्यावर मावशींनी शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली. बल्गेरियात घालवलेली वर्षं इथे धरत नाहीत, आणि इथली तिथे. शाळा माझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे, म्हणून सकाळी मीच त्यांना सोडू लागले. हे सगळं मला त्या गाडीतल्या प्रवासातच तुकड्यातुकड्याने कळलं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या ओळखीचे बाळकाका आमच्याकडे चहाला आले होते. ते बोस्टनच्या एका विमा कंपनीत ॲक्चुअरी होते, म्हणजे माणसं किती जगतील आणि त्यांना किती पैसा पुरवावा लागेल याचा हिशेब करणारे. आता रिटायर झालेत. नव्वदीच्या दशकात ते सल्लागारांच्या एका टीमबरोबर पूर्व युरोपात दोन-तीनदा जाऊन आले होते. मी मुद्दामच मावशींना बोलावलं. त्यांची भेट घालून द्यावी एवढाच हेतू होता. पण मावशींनी कप खाली ठेवला आणि थेट विचारलं.

"बाळासाहेब, माझं नेमकं कुठे चुकलं?"

काका गडबडले नाहीत. सगळं ऐकून घेतलं, मधे दोन-तीन प्रश्न विचारले. मग म्हणाले, "सुमित्राताई, मी बल्गेरियावर काम केलं नाही. पण तुमच्या शेजारच्या देशांत हेच चाललं होतं. कारखाने बंद झाले, तेव्हा पन्नाशीच्या लोकांना बेकार म्हणण्यापेक्षा निवृत्त म्हणणं सरकारांना सोपं गेलं. पेन्शन घेणारे वाढले. जी तरुण मुलं काम करून ती पेन्शन भरणार, ती जर्मनीला, स्पेनला निघून गेली. तिजोरीत पैसा नव्हता. वय वाढवलं नसतं, तर पेन्शन द्यायला नुसत्या नोटा छापाव्या लागल्या असत्या."

"म्हणजे सत्त्याण्णवसारखं."

"अगदी तसंच."

"मग कायदा बरोबर होता?"

"कायदा बरोबर होता. तुम्ही त्याच्या बरोबर मधे सापडलात. तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या बायका जुन्या नियमात सुटल्या. दहा वर्षांनी लहान होत्या त्यांना तयारीला वेळ मिळाला, देश सोडायला वेळ मिळाला. तुमच्यावर कुणी अन्याय केला असं मला म्हणता येत नाही, हेच वाईट आहे."

चहानंतर मी मावशींना घरी सोडायला गेले. त्यांच्या ड्राइव्हवेत गाडी थांबवली तरी उतरेनात. मग म्हणाल्या, "मला इतकी वर्षं वाटत होतं कुणीतरी चोर आहे. मी त्याला रोज शिव्या देऊन राहिले होते. आता शिव्या कुणाला देऊ?"

त्या उतरल्या आणि बेसमेंटच्या दाराने आत गेल्या.

एप्रिलमध्ये प्रसन्नची नोकरी गेली. त्याच्या बायोटेक कंपनीने अख्खा विभागच बंद केला. वैदेही हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, तिने जादा पैसे मिळतात म्हणून संध्याकाळची पाळी घेतली. अनयाला शाळेच्या बसवरून घरी आणणं, खाऊपिऊ घालणं, अभ्यासाला बसवणं, झोपवणं, सगळं मावशींकडे आलं. प्रसन्न दिवसभर लॅपटॉपसमोर बसून अर्ज करायचा. घरात असून नसल्यासारखा.

मे महिन्यात एका रविवारी मी मावशींचं भांडं परत द्यायला गेले आणि भलत्याच वेळी पोचले. तिघं किचनमध्ये उभी होती. मला परतता येईना आणि आतही जाता येईना.

"तू सिरीयसली हे आत्ता बोलतेयस?" वैदेही म्हणत होती. "प्रसन्नचा जॉब गेलाय, मी इव्हिनिंग शिफ्ट करते, अनयाला कोण बघणार?"

"मला माहीत आहे," मावशी म्हणाल्या.

"मग?"

"मग काही नाही. मला प्लोवदिवला परत जायचं आहे. जायचं आहे एवढंच सांगून राहिले. दोंकाकडे खोली रिकामी आहे. ती म्हणते ये."

दोंका म्हणजे प्रयोगशाळेतली त्यांची जुनी मैत्रीण.

"आणि ग्रीन कार्ड? एकदा सोडलंस तर संपलं. मग टुरिस्ट म्हणून येणार आहेस नातीला भेटायला?"

"आई, तुम्हाला जायचं असेल तर जा," प्रसन्न हळूच म्हणाला. "आम्ही मॅनेज करू."

"तू गप्प बस, प्लीज!" वैदेही त्याच्यावर ओरडली आणि पुन्हा आईकडे वळली. "हे घर तुझ्या पैशांवर उभं आहे, आई. तू इथे भाडेकरूसारखी का वागतेस?"

"भाडेकरूला सोडून जाता येतं, वैदू."

वैदेही खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. मावशींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. माझ्या हातातलं भांडं घेतलं, धुतलेलंच होतं तरी पुन्हा धुतलं, आणि पुसून जागेवर ठेवलं.

शेवटी मधला मार्ग निघाला. शाळेचं स्वयंपाकघर उन्हाळ्यात बंदच असतं. मावशींनी सुट्टीपुरतं जाऊन यायचं, पेन्शन ऑफिसात चौकशी करायची, आणि मग काय ते ठरवायचं. परतीचं तिकीट ऑगस्टअखेरचं काढलं. पण विमानतळावर सोडताना मी पाहिलं, त्यांनी हिवाळी कोट बरोबर घेतला होता. त्यांनाही कळलं की मला दिसलाय.

पुढचं त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं.

पेन्शन ऑफिसात खिडकीशी तिशीची मुलगी होती. फार नम्र. मावशींची सगळी माहिती तिने कॉम्प्युटरवर पाहिली आणि सांगितलं, की तुमची नोकरीची वर्षं पुरेशी नाहीत, त्यामुळे नेहमीच्या वयात पेन्शन बसत नाही. सदुसष्ट पूर्ण झाली की या, मग जेवढी वर्षं आहेत तेवढ्यावर मिळेल. मावशी चौसष्टच्या. मुलगी म्हणाली, "माझ्या आईचंही असंच आहे. ती इटलीत एका म्हातारीला सांभाळते." तिने साधारण किती मिळेल तेही सांगितलं. दोंकाच्या घरात तेवढ्यात भागलं असतं. वैदेहीच्या घरात तेवढ्यात वीज आणि गॅसचं बिल निघालं असतं.

दोंका मावशींहून बरीच मोठी, म्हणून जुन्या नियमात थोडक्यात सुटलेली. तिची पेन्शन केव्हाच सुरू झाली होती. दोन्ही मुलं जर्मनीत. तिच्या अंगणात टोमॅटो होते, वेलावर द्राक्षं होती, आणि बोलायला कुणी नव्हतं. दोघी सकाळी अंगणात कॉफी घेऊन बसायच्या. पुढच्या जानेवारीपासून लेव्ह जाऊन युरो येणार म्हणून शेजारीपाजारी धास्तावलेले होते. दुकानांत दोन्ही चलनांत किमती लागायला लागल्या होत्या, आणि दोंका मात्र म्हणायची, "आपण दोघींनी नोटा बदलताना इतक्यांदा पाहिल्या आहेत, आणखी एकदा पाहू."

जुलैत मावशींना काम मिळालं. शहराबाहेर एक तरुण जोडपं भाजलेल्या मिरच्यांची लुतेनित्सा बनवतं. लुतेनित्सा म्हणजे आपल्या ठेच्याची सौम्य, गोडसर चुलत बहीण. त्यांना चव आणि टिकाऊपणा सांभाळणारं कुणीतरी हवं होतं. पहिल्याच दिवशी मावशींनी त्यांचा एक घाणा चाखून बाजूला ठेवायला लावला. नवरा नाराज झाला. चार दिवसांनी त्या घाण्याच्या बरण्यांची झाकणं फुगली. त्यानंतर ती दोघं मावशींना विचारल्याशिवाय मीठसुद्धा टाकेनात.

"आश्लेषा, मी तिथे चप्पल घालून नुसती चालून राहिले होते ना, तरी लोक मला नमस्कार करत," मावशी मला म्हणाल्या. "बसमध्ये, बेकरीत. 'दोबर देन, सुमित्रा.' इथे चार वर्षांत मला बेसमेंटच्या खिडकीतून जेवढे बूट दिसले, तेवढीच माणसं माहीत आहेत."

त्या पोरांनी कायमचं राहा म्हटलं. मावशींनी दोंकाला सांगून टाकलं, की मी राहते. दोंकाने वरच्या खोलीला रंग द्यायला माणूस बोलावला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात प्रसन्नचा फोन आला. त्याला नोकरी मिळाली होती, पण न्यूजर्सीत, पार्सिपनीला. सोमवार ते शुक्रवार तिकडे मित्राकडे राहणार आणि वीकएंडला ड्राइव्ह करून घरी येणार. घर विकून तिकडे जावं तर वैदेहीची नोकरी जाते, आणि आता एकाच्या पगारावर विसंबायची दोघांनाही भीती बसलेली. वैदेहीची पाळी बदलून मिळत नव्हती. त्याने मावशींना 'या' म्हटलं नाही. फक्त बातमी दिली, तब्येतीची चौकशी केली, आणि अनयाच्या हातात फोन दिला. अनया म्हणाली, "आजी, आय कॅन मेक माय ओन सँडविच नाऊ. सो डोन्ट वरी."

"'या' म्हणाला असता तर मी नाही म्हणू शकले असते," मावशींनी सांगितलं. "त्याने मागितलंच नाही. नाही कशाला म्हणू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी लुतेनित्सावाल्या पोरांना राहत नाही म्हणून कळवलं. दोंकाला सांगताना मात्र त्रास झाला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "माझी मुलं असा फोनही करत नाहीत. जा तू." रंगवाला येऊन गेलेला होता. ओल्या रंगाच्या वासात मावशींनी बॅग भरली.

मी बोस्टनला त्यांना आणायला गेले तेव्हा वैदेही बरोबर होती. सुट्टी टाकून आली होती. दोघी बराच वेळ एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

"आई, मला वाटलं तू येत नाहीस."

"मलाही."

परतीच्या वाटेवर वैदेही मागच्या सीटवर आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपून गेली. मावशी जाग्याच होत्या. आरशात मला त्यांचे उघडे डोळे दिसत होते.

शाळा सुरू झाली. मावशींना स्वयंपाकघरात वरची जागा देऊ केली गेली, तिथल्या बायकांवर देखरेख करायची. दोन दिवस विचार करून त्या हो म्हणाल्या. पगार थोडा वाढला. मेनूत मात्र काही बदलता येत नाही, तो वरून ठरून येतो. पाकिटं येतात, गरम करायची. दोंकाचा दर रविवारी फोन येतो. त्या खोलीत आता तिने एका विद्यार्थिनीला ठेवलंय.

प्रसन्न आठवडाभर नसतो, म्हणजे अनयाला पोहायला, डॉक्टरकडे कुणी न्यायचं हा प्रश्न उभा राहिला. म्हणून चौसष्टाव्या वर्षी मावशी गाडी शिकल्या. कधी मी शिकवलं, कधी शनिवारी प्रसन्नने. मॅसॅच्युसेट्समध्ये ड्रायव्हिंगची परीक्षा देताना गाडीत मागे एका लायसन्सवाल्या माणसाला बसावं लागतं. नोव्हेंबरमध्ये ते माणूस मी होते.

परीक्षक पुढे बसला आणि त्याने विचारलं, "रेडी?" मावशींनी मान आडवी हलवली. बल्गेरियात होकार असाच देतात, आणि घाबरल्या की त्यांच्या मानेला तीच सवय आठवते. परीक्षक बुचकळ्यात पडून त्यांच्याकडे बघत राहिला. मी मागून घाईघाईने म्हटलं, "शी मीन्स येस!" तो हसला. त्यामुळे असेल, मावशी जरा सैलावल्या आणि उरलेली परीक्षा त्यांनी व्यवस्थित दिली. पार्किंग तर माझ्यापेक्षा नीट केलं.

पास झाल्यावर मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "मावशी, आता तुम्हीच न्या. जिथे म्हणाल तिथे. आज मी ऑफिसला सुट्टी टाकलीय."

त्यांनी गाडी रूट नाइनवर घेतली, पूर्वेच्या बाजूला. हातांची पकड घट्ट होती, पण वेग बरोबर. झाडांची पानं सगळी गळून गेली होती, दुकानं एकामागून एक मागे पडत होती. आमचं नेहमीचं किराण्याचं दुकान गेलं, मी अधूनमधून जाते ते सलून गेलं, तरी त्या वळेनात. एका मोठ्या सिग्नलला लाल लागला.

"हा रस्ता पुढे कुठे जातो?" त्यांनी विचारलं.

"वेस्टबरो. पुढे पाइकचा हायवे घेता येतो. त्याने सरळ बोस्टन."

"विमानतळ?"

"तोही तिकडेच."

त्यांनी मान डोलावली. या वेळी तो होकार होता की नकार, मला कळलं नाही. सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न वाजवला. मावशींनी घड्याळाकडे पाहिलं.

"साडेतीनला अनयाची बस येते," त्या म्हणाल्या आणि वळायची जागा शोधू लागल्या.